डीएमआर रेडिओ : सुरक्षित व परिणामकारक वापर

डिजिटल मोबाइल रेडिओ, म्हणजेच डीएमआर, हे बोलणे आणि छोटे संदेश अंकीय स्वरूपात पाठविणाऱ्या दुतर्फी रेडिओसंचांसाठीचे खुले मानक आहे. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने (एट्सी) ते २००५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. कारखाने, खाणी, बंदरे, वाहतूक, सुरक्षा पथके, आपत्तीत मदतकार्य करणारे गट आणि हौशी रेडिओचालक या सर्वांकडे आज असे संच आढळतात. दिसायला हा संच जुन्या वॉकी-टॉकीसारखाच असतो; बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे. परंतु दूर जाताना वाढत जाणारी खरखर, दोघे एकदम बोलले की उठणारी शिट्टी, अशा ॲनालॉग संचात कानाला आपोआप मिळणाऱ्या सूचना अंकीय संचात मिळत नाहीत. त्यांची उणीव अचूक जुळणीने आणि बोलण्याच्या शिस्तीने भरून काढणे हा हा संच चालविण्याचा गाभा आहे.

मानकाचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरातील अर्ध्या वॉटचे संच युरोपात ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालतात. दुसऱ्या स्तरात ६६ ते ९६० मेगाहर्ट्झमधील परवानाप्राप्त वारंवारतांवर, थेट किंवा रिपीटरमार्फत, म्हणजे आलेला संकेत पुन्हा जोरकसपणे प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रामार्फत, संभाषण होते. तिसऱ्या स्तरात नियंत्रक यंत्रणा प्रत्येक संभाषणाला मोकळा चॅनेल आपोआप नेमून देते. या नोंदीतील विवेचन मुख्यतः दुसऱ्या स्तराला धरून आहे, कारण बहुसंख्य वापरणाऱ्यांचा संबंध त्याच्याशीच येतो.

कार्यतत्त्व : डीएमआरचा एक चॅनेल १२.५ किलोहर्ट्झ रुंद असतो आणि त्यावर ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट, म्हणजे वेळेचे कप्पे, आळीपाळीने येत राहतात. एका स्लॉटमध्ये एक संभाषण, दुसऱ्यात दुसरे, अशा रीतीने एकाच रिपीटरवर दोन गट एकमेकांना अडथळा न आणता बोलू शकतात. प्रत्येक ३० मिलिसेकंदांपैकी २७.५ मिलिसेकंदांत प्रत्यक्ष माहिती जाते आणि उरलेला काळ दोन स्लॉट एकमेकांवर चढू नयेत म्हणून मोकळा ठेवलेला असतो. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचे संचातील व्होकोडर, म्हणजे आवाजाचे बिटांत रूपांतर करणारा भाग, २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. मूळ आवाजासाठी सेकंदाला २,४५० बिट आणि चुका दुरुस्त करण्यासाठी १,१५० बिट, असे एकूण ३,६०० बिट तो तयार करतो. हे बिट वाहक लहरीच्या वारंवारतेत चार ठरावीक पातळ्यांचे बदल करून पाठविले जातात. बोलताना संचाचा प्रक्षेपक निम्माच वेळ चालू असल्यामुळे तेवढ्याच बोलण्याला ॲनालॉगच्या तुलनेत बॅटरी कमी खर्च होते.

चूक-दुरुस्तीच्या याच सोयीमुळे संदेशवहनाचा स्वभाव बदलतो. संकेत क्षीण होऊ लागला तरी दुरुस्ती शक्य असेपर्यंत आवाज स्वच्छच राहतो; तिची मर्यादा ओलांडली की काही क्षण शब्द तुटक, यांत्रिक ऐकू येतात आणि लगेच शांतता पसरते. ॲनालॉग संचावर खरखरीतूनही अर्धेमुर्धे वाक्य कळत असे आणि आपण कडेला पोहोचलो आहोत हे बोलणाऱ्याला उमगत असे. डीएमआरवर मात्र आवाज स्वच्छ आहे म्हणून संपर्क भक्कम आहे असे गृहीत धरता येत नाही. कामाला निघण्यापूर्वी संपूर्ण क्षेत्रात फिरून कोठे संपर्क तुटतो याची नोंद करणे, तळमजले व जिने यांसारख्या जागा विशेषकरून तपासणे आणि संचावरील संकेतपट्टीकडे लक्ष ठेवण्याची सवय लावणे हे त्यावरचे उपाय होत.

जुळणी : ॲनालॉग संचाला वारंवारता आणि टोन (गट ओळखण्यासाठी आवाजासोबत जाणारा ठरावीक सूर) एवढे जुळले की पुरत असे. डीएमआर संचाला वारंवारतेखेरीज कलर कोड, स्लॉट, टॉकग्रुप आणि संचाचा स्वतःचा क्रमांक हे सर्व बरोबर असावे लागते. कलर कोड ० ते १५ या सोळा मूल्यांपैकी एक असतो व त्याचा प्रत्यक्ष रंगाशी काही संबंध नाही. एकाच वारंवारतेवरील शेजारच्या रिपीटरांमध्ये गल्लत होऊ नये यासाठी तो असतो. तो चुकला तर रिपीटर दाद देत नाही. टॉकग्रुप म्हणजे आपले बोलणे कोणत्या गटासाठी आहे हे सांगणारा क्रमांक. संचात ऐकण्यासाठी नोंदविलेल्या गटांची एक वेगळी यादी असते आणि येथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण येणारा गट त्या यादीत नसेल तर दिवा लागतो, संकेत येतो, पण स्पीकर गप्प राहतो. संच बिघडला असे समजून तो दुरुस्तीला पाठविण्यापूर्वी ही यादी पाहावी. ही सर्व जुळणी साठविणाऱ्या फाइलला कोडप्लग म्हणतात. एका पथकातील सर्व संचांत एकाच आवृत्तीचा कोडप्लग असणे आणि त्याची प्रत सुरक्षित जपलेली असणे, यांवर त्या पथकाचे संदेशवहन बरेचसे अवलंबून असते.

संचाचा क्रमांक प्रत्येक वेळी आवाजाबरोबर जातो आणि ऐकणाऱ्याच्या पडद्यावर उमटतो. दोन संचांत एकच क्रमांक भरला गेल्यास कोण बोलत आहे आणि आणीबाणीची सूचना कोणी दिली, हे ओळखणे अशक्य होते. हौशी रेडिओत हे क्रमांक नोंदणी करून घ्यावे लागतात.

बोलण्याची पद्धत : बोलण्यापूर्वी चॅनेल मोकळा आहे याची खात्री करावी. दुसऱ्याचे बोलणे चालू असताना बटण दाबले तरी प्रक्षेपण होणार नाही, अशी व्यवस्था संचात करता येते आणि ती केलेली असणे सर्वांच्याच सोयीचे आहे. बटण दाबल्यावर संच आधी रिपीटरला जागवतो, त्याच्या स्लॉटांशी आपला काळ जुळवून घेतो आणि मगच प्रक्षेपण सुरू करतो. ही जुळवाजुळव पूर्ण झाली की छोटा सूचक ध्वनी येतो. तो येण्याआधी उच्चारलेले शब्द जातच नाहीत. ‘थांबू नका, पुढे चला’ या वाक्यातले पहिले दोन शब्द गळले तर उरलेल्या अर्ध्याने फारसे बिघडत नाही. पण ‘नका उघडू’ मधला पहिलाच शब्द गळला तर अनर्थ ओढवू शकतो. म्हणून बटण दाबावे, ध्वनीची वाट पाहावी, मग बोलावे, आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बटण सोडावे. जेथे तो ध्वनी बंद ठेवलेला असतो तेथे साधारण एक सेकंद थांबण्याचा नियम पाळावा.

मायक्रोफोन तोंडापासून सुमारे २.५ ते ५ सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरून नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज दूर जात नाही. उलट तो फाटतो आणि मानवी स्वर टिपण्यासाठी घडविलेल्या व्होकोडरला तो नीट पेलत नाही. वारा आणि यंत्रांचा घोंगाट यांचेही तसेच आहे. मायक्रोफोनला पाठीचा किंवा तळहाताचा आडोसा दिल्याने जो फरक पडतो तो शक्ती वाढवून पडत नाही. अंकीय प्रक्रियेमुळे आवाज काही अंशी उशिरा पोहोचत असल्याने शेजारीच दुसरा संच मोठ्या आवाजात चालू असेल तर आपलाच स्वर मागून ऐकू येऊन बोलणारा अडखळतो, क्वचित कर्कश शीळही उठते. अशा वेळी त्या संचाचा आवाज कमी करावा किंवा दूर जावे.

हाक देताना आधी समोरच्याचे आणि मग स्वतःचे नाव घेण्याची रीत आहे, कारण स्वतःचे नाव ऐकू आले की माणूस कान देतो. संदेश थोडक्यात द्यावा, लांब असल्यास तुकडे करून मध्ये थांबावे. त्या विरामात दुसऱ्याला तातडीचे काही सांगायचे असेल तर वाट मिळते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबल्यास अंकीय चॅनेलवर जोरकस संकेतवाला तेवढा ऐकू येतो किंवा कोणीच नाही, आणि दुसऱ्याला आपले बोलणे बुडाले याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ठिकाण, आकडे, औषधाची मात्रा, वीज बंद वा चालू करण्याचे आदेश असे महत्त्वाचे संदेश ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखविले पाहिजेत. आकडे एकेक करून उच्चारावे, नावांसाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही आंतरराष्ट्रीय वर्णोच्चारपद्धती वापरावी. ‘ओव्हर’ म्हणजे उत्तराची अपेक्षा आहे आणि ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले. दोन्ही एका दमात म्हणण्यात अर्थ नाही. बटण चुकून दबून राहिल्यास संपूर्ण स्लॉट अडतो. ठरावीक काळाने प्रक्षेपण तोडणारी मर्यादा संचात बसविता येते. ती बंद ठेवू नये.

पल्ला : या वारंवारतांच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरविण्यात अँटेनाच्या उंचीचा वाटा सर्वांत मोठा असतो. सपाट मोकळ्या प्रदेशात रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये सुमारे ४.१२ गुणिले अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ एवढे असते. दीड मीटरवर धरलेल्या संचाला हे सुमारे ५ किलोमीटर येते, ३० मीटर उंचीवरील रिपीटरला सुमारे २३ किलोमीटर. इमारती, झाडी व डोंगर यांमुळे प्रत्यक्षातला पल्ला पुष्कळ कमी होतो. शक्ती दुप्पट केली तर संकेतात फक्त ३ डेसिबलची भर पडते. त्यापेक्षा संच कमरेवरून काढून उभा व उंच धरणे, खिडकीजवळ किंवा चढावर जाणे जास्त उपयोगी ठरते. कमरेला लावलेल्या संचाचा बराच संकेत शरीर शोषून घेते. अँटेना न जोडता प्रक्षेपण करू नये, त्याने संचातील संकेताची शक्ती वाढविणारा अंतिम टप्पा जळण्याची शक्यता असते.

आरोग्य व सुरक्षितता : रेडिओलहरींच्या शरीरावरील परिणामांपैकी निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम ऊतकांचे तापणे हा आहे. आंतरराष्ट्रीय बिगर-आयनीकारक प्रारण संरक्षण आयोगाने (आयसीएनआयआरपी) डोके व धड यांसाठी १० ग्रॅम ऊतकावर सरासरी काढून सामान्य जनतेकरिता किलोग्रॅममागे २ वॉट आणि व्यावसायिक वापराकरिता १० वॉट अशी शोषणमर्यादा सुचविली आहे. ४ ते ५ वॉटचे हातातील संच बहुधा व्यावसायिक मर्यादेला धरून बनविलेले असतात. त्यामुळे निर्मात्यांच्या सूचनांप्रमाणे एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक काळ प्रक्षेपण करू नये, संच चेहऱ्यापासून निदान २.५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि अंगावर वाहताना संचासोबतचाच पट्टा वापरावा. बोलत असताना अँटेनाला हात लावू नये. वाहनात बसविलेले संच २५ ते ५० वॉटचे असतात, म्हणून त्यांची अँटेना टपावर, माणसांपासून दूर असावी. एअरबॅग उघडते त्या जागेत संच किंवा त्याची वायर असता कामा नये. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने संच छातीच्या खिशात ठेवू नये, निदान १५ सेंटिमीटर अंतर राखावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्वलनशील वायू, वाफा किंवा धूळ असलेल्या ठिकाणी त्या वातावरणासाठी प्रमाणित केलेलाच संच वापरावा. एटेक्स (युरोपीय) किंवा आयईसीईएक्स (आंतरराष्ट्रीय) हे स्फोटक वातावरणासाठीचे प्रमाणन संच, बॅटरी आणि जोडसामग्री यांच्या विशिष्ट जोडीला मिळालेले असते. प्रमाणित संचाला दुसरीच बॅटरी लावली की त्या प्रमाणनाला अर्थ उरत नाही. अशा जागी बॅटरी काढणे, बदलणे किंवा चार्ज करणे टाळावे, कारण संपर्कबिंदूवरील लहानशी ठिणगीही पुरेशी असते. विद्युत डिटोनेटर वापरणाऱ्या सुरुंगस्थळांचा धोका वेगळा आहे. तेथे डिटोनेटरच्या लांब तारा अँटेनासारख्या वागून प्रक्षेपणाची ऊर्जा गोळा करू शकतात. म्हणून सुरुंगकामाचा फलक दिसताच संच पूर्ण बंद करावा, नुसते न बोलणे पुरेसे नाही. डीएमआर संच आपणहून स्थान किंवा उत्तर पाठवू शकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

लिथियम-आयन बॅटरी निर्मात्याच्याच चार्जरवर, संच बंद ठेवून चार्ज करावी. गोठणबिंदूखाली किंवा कडक उन्हात चार्ज केल्याने तिचे आयुष्य घटते आणि धोकाही वाढतो. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवल्यास तिची टोके जोडली जाऊन ती तापते.

आणीबाणी : बहुतेक संचांवर नारिंगी बटण असते. ते दाबल्यावर सूचना ठरलेल्या गटाकडे जाते आणि जुळणीप्रमाणे मायक्रोफोन काही काळ आपोआप उघडतो. माणूस आडवा पडल्याचे ओळखणारी किंवा एकट्या कामगाराने ठरावीक काळात हालचाल न केल्यास इशारा देणारी सोयही अनेक संचांत असते. पण ही सूचना कोणत्या संचावर वाजते, तेथे रात्री कोण असते आणि तो पुढे काय करतो, हे ठरलेले नसेल तर बटणाचा उपयोग नाही. ही सोय आधी सर्वांना कळवून नियमित तपासावी. समुद्रातील संकटसंदेशाचा १५६.८ मेगाहर्ट्झवरील १६ क्रमांकाचा चॅनेल ॲनालॉग आहे आणि विमानांचा आवाजी संपर्क वेगळ्या पद्धतीच्या प्रक्षेपणावर चालतो. डीएमआर संच या दोहोंचा पर्याय नव्हे.

गोपनीयता व परवाना : बोलणे अंकीय आहे म्हणून ते गुप्त आहे, हा समज चुकीचा आहे. कूटबद्ध न केलेले डीएमआर संभाषण साध्या संगणकाला जोडलेल्या स्वस्त रेडिओग्राहकावर (संकेत ग्रहण करणाऱ्या उपकरणावर) ऐकता येते. संचातील ‘मूलभूत गोपनीयता’ (बेसिक प्रायव्हसी) ही सोय सहज भेदता येते. खरे संरक्षण २५६ बिटांच्या एईएस या प्रमाणित पद्धतीच्या कूटलेखनाने मिळते आणि त्यासाठी त्याच्या किल्ल्यांची, म्हणजे गुप्त संकेतांकांची, जपणूक करावी लागते. रुग्णाचे नाव किंवा रोकड नेण्याचा मार्ग उघड्या चॅनेलवर सांगू नये. हौशी रेडिओत आशय लपविणारे कूटलेखन सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. वारंवारता, शक्ती आणि अनेकदा संच बाळगणे यांसाठीही बहुतेक देशांत परवाना लागतो. अनेक संच परवान्याबाहेरील वारंवारतांवरही चालू शकतात, त्यामुळे कोडप्लगमध्ये काय भरले आहे याची जबाबदारी चालकावर येते.

निगा : आयपी६७ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा संच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो, पण बाजूच्या जोडणीवरील झाकण उघडे राहिल्यास हे संरक्षण संपते. संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसावे, अँटेनाला भेग पडल्यास ती बदलावी आणि बरेच दिवस न लागणारी बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवावी. कामाची पाळी सुरू होताना प्रत्येक संचावरून एक हाक देऊन उत्तर मिळाल्यावरच तो कामावर न्यावा. हौशी जाळ्यांत बोललेले परत ऐकविणारी प्रतिध्वनी सेवा असते, तिच्यावर आपला आवाज कसा पोहोचतो हे एकट्यालाही तपासता येते.