मेंदूची आघातजन्य इजा

डोक्याला बाहेरून बसलेला मार, जोराचा हिसका किंवा कवटी भेदून आत गेलेली वस्तू यांमुळे मेंदूच्या कार्यात होणारा तात्पुरता अथवा कायमचा बिघाड. रक्तवाहिनी तुंबून किंवा आपोआप फुटून होणारा पक्षाघात हा याहून वेगळा विकार होय. कवटी उघडी न पडता झालेल्या इजेला बोलीतला ‘मुका मार’ हा शब्द अचूक लागू पडतो.

डोक्याच्या इजांची सर्वांत जुनी पद्धतशीर नोंद इ. स. पू. सुमारे १६०० मधील एका ईजिप्शियन पपायरसात आढळते. त्यातील ४८ रुग्णवर्णनांपैकी २७ डोक्याची आहेत. सुश्रुतसंहितेत कानशिलाजवळील ‘शंख’ या मर्माची गणना तत्काळ प्राण हरणाऱ्या १९ मर्मांत केली आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यापासून पुढे सुमारे हजार वर्षांच्या पट्ट्यात वेगवेगळा मानला जातो. शंखमर्माच्या वर्णनात कवटीखालील रक्तस्रावाचे ज्ञान असल्याचे काही अभ्यासक मानतात. तथापि ते वर्णन शरीररचनेपेक्षा रणांगणावरील अनुभवातून आले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

बाहेर जखम नसताना माणूस महिनोन्‌महिने बेशुद्ध का राहतो, हा प्रश्न विसाव्या शतकात दीर्घकाळ वादाचा राहिला. ऑक्सफर्ड येथील भौतिकीविज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृतींवरून असे दाखवले, की सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरण्याने मेंदूच्या ऊतकात अधिक ताण निर्माण होतो. १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच या विकृतिवैज्ञानिक संशोधिकेने पाच रुग्णांच्या मेंदूंचे सूक्ष्म परीक्षण केले. श्वेतद्रव्यातील (मेंदूच्या आतील, चेतातंतूंनी बनलेल्या भागातील) तंतूंचा विस्तृत ऱ्हास पाहून, हे तंतू आघाताच्या क्षणीच कातरले गेले असावेत, असे त्यांनी सुचवले. ऑक्सिजनचा अभाव व सूज हीच खरी कारणे आहेत, असा प्रतिवाद झाला. १९८२ मध्ये गेनारेली व सहकाऱ्यांनी वानरवर्गीय प्राण्यांची डोकी कशावरही न आदळता वेगाने फिरवली, तेव्हा तशीच बेशुद्धी व तशीच तंतूंची हानी दिसली, आणि स्ट्रिच यांच्या मताचे पारडे जड झाले. मात्र बहुतेक तंतू त्या क्षणी तुटत नाहीत. ते फुगत जाऊन काही तासांनी विलग होतात, असे पुढील संशोधनातून दिसले. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे उपचाराला अवधी असल्याची आशा निर्माण झाली.

इजेची तीव्रता टीझडेल व जेनेट यांच्या ग्लासगो मापनश्रेणीने (१९७४) मोजतात. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण होतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तीव्र इजा. पूर्वी सर्रास दिली जाणारी स्टेरॉइडे मृत्यूंचे प्रमाण वाढवतात, हे दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत २००४ मध्ये स्पष्ट झाले.

विदर्भाच्या ग्रामीण भागात दुचाकीचे अपघात, मजूर भरलेली ट्रॉली उलटणे, झाडावरून किंवा विहिरीत पडणे ही कारणे दिसतात. चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचताना अस्वलाच्या हल्ल्यातही डोके व चेहरा जखमी होतात. विशेष घातक ठरते ती मधली शुद्ध, म्हणजे मार लागल्यावर काही काळ परत आलेले भान. चिंच झोडताना फांदीवरून पडलेला माणूस क्षणभर भान हरपून उठून बसतो, पाणी पितो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. कानशिलाचे हाड पातळ असते व त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, की आत रक्त साठत राहते. डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, एका डोळ्याची बाहुली मोठी होते, श्वास घोरल्यासारखा जड होतो. घरच्यांना ती थकव्याची गाढ झोप वाटते. रक्त वेळेत काढल्यास असा रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होतो, म्हणून या मृत्यूंची हळहळ अधिक. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणे किंवा त्याला कांदा हुंगवत बसणे यात मोलाचा वेळ जातो, आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किमी.हून दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ताही बंद होतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून उपलब्ध आहे.

वाचलेल्यांत विसराळूपणा, चिडचिड, झटके व कामातील मंदपणा दीर्घकाळ राहू शकतो. पेरणीचे तास सरळ धरणारा शेतकरी बियाण्याचा हिशोब विसरू लागतो, आणि पुष्कळदा त्याला आळशी ठरवले जाते किंवा बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेले जाते.