नॅरोबँड, वाइडबँड आणि बांधाच्या अल्याड-पल्याड

"भावा, सेन्सर गाडीत आहेच की, दुसरा कशाला घालतोस?" उद्यमनगरात ट्युनिंगचं काम निघालं की हा प्रश्न ठरलेला. गाडीतला नॅरोबँड आणि ट्युनिंगसाठी घालायचा वाइडबँड दिसायला सारखे, आटे दोघांचे १८ मिमीचे, नावही एकच, एक्झॉस्टमध्ये बसणारा ऑक्सिजन सेन्सर. घोळ होणारच.

चार वायरींचा नॅरोबँड तुम्हाला माहीत आहे. लॅम्डा १ ला, म्हणजे पेट्रोल जळायला लागते नेमकी तेवढीच हवा असताना, साधारण ०.४५ व्होल्ट. रिच झालं (पेट्रोल जास्त, लॅम्डा १ पेक्षा कमी) की वर, लीन झालं (हवा जास्त) की खाली. रोजच्या गाडीत ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तेवढं पुरतं.

पण लोक ०.४५ च्या वरच्या आकड्यांनाही मोजमाप समजतात. ०.८ म्हणजे थोडं रिच, ०.९ म्हणजे भरपूर रिच, असा तक्ता फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. डिलीट करा तो. नॅरोबँड एवढंच सांगतो की तुम्ही बांधाच्या अल्याड आहात की पल्याड. बांध ओलांडून किती पावलं आत गेलात, ते त्याला धड सांगता येत नाही. लॅम्डा १ पाशी व्होल्टेज कड्यासारखं चढतं, नंतर जवळजवळ सपाट. त्या सपाटीवर मिश्रणामुळे पडणारा फरक इतका बारीक, की सेन्सर जरा तापला-निवला तरी तो त्यात बुडून जातो.

मागे एक टर्बो घातलेली गाडी आली होती. डॅशवर रंगीत दिव्यांचं गेज, नॅरोबँडलाच जोडलेलं. पन्हाळ्याच्या चढाला फुल थ्रॉटल, ०.८२ व्होल्ट, सगळे दिवे हिरवे, मालक खूश. वाइडबँड लावून तोच चढ पुन्हा चढलो, तर लॅम्डा ०.९६. टर्बोला एवढ्या लोडवर ०.८ च्या आसपास हवा. दिवे खोटं बोलत नव्हते, त्यांना विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

गंमत म्हणजे वाइडबँडच्या पोटात नॅरोबँडच बसलाय, फक्त त्याला जमतं तेवढंच काम दिलंय. एका बारीक खोलीत एक्झॉस्टचा वायू येतो. आतला नॅरोबँड सांगतो, अल्याड की पल्याड. शेजारचा पंप सेल, लीन असेल तर ऑक्सिजन बाहेर काढतो, रिच असेल तर आत घालतो आणि खोली कायम बांधावर, म्हणजे ०.४५ व्होल्टवर धरून ठेवतो. त्यासाठी जो करंट लागतो, तेच मोजमाप. म्हणून हा करंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरशिवाय वाइडबँड म्हणजे लोखंडाचा तुकडा. त्याला मल्टिमीटर लावून "मेलाय सेन्सर" म्हणणारे मेकॅनिक मी पाहिलेत.

विकत घेताना बॉशचे एलएसयू ४.२ आणि ४.९ समोर येतात. नवं घेताय तर ४.९ घ्या, विषय संपला. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा वायरींच्या वाटेनं लागते, ४.९ ला लागत नाही. कनेक्टर वेगळे असतात आणि सेन्सर तापता ठेवणारा हीटर सांभाळण्याचं गणितही वेगळं, सेलचा आतला रेझिस्टन्स ४.२ ला ८० ओहमवर धरायचा, ४.९ ला ३०० वर. त्यामुळे कंट्रोलर ज्या सेन्सरसाठी आहे तोच लावायचा. कनेक्टर कापून टेप मारणाऱ्यांना तर हात जोडतो. त्या सेन्सरचा स्वतःचा कॅलिब्रेशन रेझिस्टर त्या कनेक्टरातच असतो.

गेजवर एएफआर (हवा आणि इंधनाच्या वजनाचं प्रमाण) नको, लॅम्डा ठेवा. शुद्ध पेट्रोलला लॅम्डा १ म्हणजे १४.७ बरोबर, पण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्याचा आकडा सुमारे १३.५. गेजला मात्र टाकीत काय आहे ते कळत नाही, लॅम्डा १ झाला की ते १४.७ च दाखवतं.

जुना सेन्सर काढू नका, वाइडबँडसाठी पाइपाला वेगळी बुश (सेन्सर बसवायचं आट्यांचं कडं) वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर पाणी साचतं. इंजिन आणि सेन्सरच्या मध्ये कुठं गॅस्केट गळत असेल तर आकडा लीन दाखवणार, मिसफायर असेल तरी लीनच.

आणि ट्युनिंग झाल्यावर कंट्रोलर मित्राला देऊन सेन्सर पाइपात तसाच ठेवू नका. हीटर बंद असताना धुरात बसलेला सेन्सर काजळीनं मरतो. काढून घ्या आणि बुशला बोल्ट मारा.