संमतीपत्र कोणत्या भाषेत? युजर रिसर्च ऑपरेशन्सची खान्देशातली पार्श्वभूमी

अ‍ॅप किंवा सेवा वापरणाऱ्यांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेणं म्हणजे युजर रिसर्च. त्यासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे फील्डवर्कला येणाऱ्या टीममध्ये सध्या एका पानावरून वाद होतात. ते पान म्हणजे मुलाखतीआधी भरून घ्यायचं संमतीपत्र. ते तयार करणं, भरून घेणं, जपणं आणि मुदत संपली की रेकॉर्डिंगसकट पुसून टाकणं ही रिसर्च ऑपरेशन्सची कामं, म्हणजे माझ्यासारख्यांची. प्रश्न संशोधक विचारतो. त्याच्यासमोर योग्य माणूस योग्य वेळी बसवायचा आणि तो माणूस उठून गेल्यावरही त्याच्या शब्दाची राखण करायची, ही जबाबदारी आमच्याकडे असते.

काम जुनं असलं तरी नाव नवं आहे. 2009 च्या सुमारास डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं आणि चालवणं यांची सांगड) हा शब्द रुळला, पुढे डिझाइनच्या कामाची व्यवस्था बघणारं डिझाइनऑप्स आलं आणि 2018 मध्ये जगभरच्या काही जणांनी इंटरनेटवर एकत्र येऊन रिसर्चऑप्स या नावाला आकार दिला. त्याच वर्षी 25 मे रोजी युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. माझ्या मते या पेशाचा खरा जन्म त्या कायद्याने घडवला. त्याआधी रेकॉर्डिंग कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहायची. आता ‘या बाईंचा आवाज आपल्याकडे कुठे आहे आणि कधीपर्यंत राहणार?’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस कंपनीला लागू लागला.

खान्देश या नकाशावर आला तो 2016 नंतर. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरात स्वस्त फोर-जी आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. तोवर ‘युजर’ म्हटलं की मुंबई, पुणे, बंगळूरु. नंतर रावेरचा केळीवाला, शिरपूरची बचत गटातली ताई, चाळीसगावचा कापूस उत्पादक हेही ‘युजर’ झाले आणि त्यांना शोधणारे फोन आम्हाला येऊ लागले.

माहिती मात्र त्याआधीच मागितली गेली होती. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला 24 ऑगस्ट 2017 ला आणि व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला ऑगस्ट 2023 मध्ये. बोटांचे ठसे आधी, हक्काचा कायदा जवळपास तेरा वर्षांनी. टेंभलीसारख्या गावात ‘कशाला पाहिजे माझी माहिती?’ असं कुणी विचारलं की मला हा क्रम आठवतो.

आता त्या पानाकडे. 2023 चा कायदा सांगतो की संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी. ती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. परिशिष्टात 22 भाषा आहेत. मराठी आहे, अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही. 2011 च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीच्या वर होते आणि खान्देशी (तिच्यातच अहिराणी मोजली जाते) सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर. मराठी फॉर्म दिला की कायद्याची अट पुरी होते. पण धडगावच्या आजीला ती सूचना समजली का, याचं उत्तर त्या फॉर्ममध्ये सापडत नाही.

शब्दांचाही घोळ आहे. अनुवादकाकडून आलेल्या फॉर्मवर बहुधा ‘मी सहमत आहे’ असं बटण असतं. सहमत असणं म्हणजे माझं मत तुमच्या मताशी जुळतं. संमती देणं म्हणजे माझ्या ताब्यातल्या गोष्टीला हात लावायची परवानगी देणं. बटणावरच्या शब्दात परवानगी कुठेच नाही. शिवाय आपल्याकडे सही किंवा अंगठा म्हटलं की पीककर्ज, जामीनकी, सातबारा डोळ्यांपुढे येतो. चांगलं तासभर बोलायला तयार झालेला माणूस पेन पुढे केलं की आक्रसतो. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि परत येत नाही. त्याचं काही चुकत नाही, कारण सहीने आयुष्यात काय काय जातं हे त्याने पाहिलेलं असतं.

म्हणून दोन बाजू पडल्या. कायदा सांभाळणाऱ्यांना लेखी मराठी कागद हवा. फील्डवरच्या समन्वयकांना तोंडी संमती हवी, समोरच्याच्या बोलीत: ‘तुमनं बोलनं आम्ही भरी ठेवसूत, चाली का?’ मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि कायदाही तिच्या आड येत नाही. त्याला स्पष्ट होकाराची कृती पुरते, कागदावरच्या सहीची सक्ती नाही. सूचना दिली होती आणि संमती मिळाली होती, हे प्रश्न उठल्यास कंपनीने सिद्ध करायचं. रेकॉर्ड केलेला अहिराणी होकार हा त्याचा उत्तम पुरावा आहे. अडचण एवढीच की तो होकार रेकॉर्ड करायलाही आधी होकार लागतो. आम्ही फोन खिशात ठेवून सगळं समजावतो, तोंडी ‘हो’ घेतो, मग रेकॉर्डिंग चालू करून तेच पुन्हा विचारतो. पाच-सात मिनिटं जातात आणि वरून विचारणा येते की सत्र उशिरा का सुरू झालं.

2020 च्या टाळेबंदीत हे सगळं फोनवर गेलं. सोय झाली, पण पडद्यावरच्या चौकटीला टिकमार्क करण्याची सवयही तेव्हाच लागली. मानधन यूपीआयने जाऊ लागलं. घरातला यूपीआय नवऱ्याच्या नंबरवर असेल तर बाईंनी मुलाखत दिल्याचं पैशाच्या मेसेजवरून घरात कळतं. संमतीपत्रात नाव गुप्त ठेवायचं वचन दिलेलं असतं आणि ते आम्हीच मोडलेलं असतं. आता मी मानधन कसं हवं हे आधी विचारतो आणि रोखीची तरतूद मागून घेतो. हिशेब विभागाला ते आवडत नाही.

2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, त्यामुळे सध्या फॉर्म नव्याने लिहिले जात आहेत. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं, असं कायदा म्हणतो. फॉर्मच्या तळाशी त्यासाठी ईमेल पत्ता छापलेला असतो. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, कित्येकदा मोबाइल नंबरही बदलतात. त्यांच्यासाठी आम्ही गावातल्या ओळखीच्या समन्वयकाचा नंबर देतो. गेल्या हंगामात त्या नंबरवर एका ताईंचा निरोप आला, ‘मन्हा आवाज काढी टाका.’ त्याच दिवशी काढला.