गुलकाना नदीकाठचं प्रिमिटिव्ह कॅम्पिंग

गुलकाना ही अलास्काच्या आतल्या भागातली नदी, समिट लेकच्या बाजूने येते, पॅक्सन लेकमधून पुढे निघते आणि दक्षिणेला वाहत जाऊन कॉपर नदीला मिळते. तिच्या काठावर तंबू ठोकून गळाने सॅमन मासा धरायचा आणि अस्वलं, मूस (मोठं हरीण), बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा गरुड) बघायचे, आणि अशा कुठलीही सोय नसलेल्या मुक्कामाला तिकडे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, लाईट नाही, राखणदार नाही, मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. १९८० च्या अलास्का जमीन कायद्याने या नदीला संरक्षण मिळालं आणि तिचा कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं बघतं.

लोकांचा आवडता टप्पा म्हणजे पॅक्सन लेक ते सावरडो हे खालचं ठिकाण. राफ्ट (तराफा) किंवा कनू (अरुंद होडी) पाण्यात सोडायची आणि तीन-चार दिवस वाहत खाली यायचं, मधे कॅनियन रॅपिड्स हा उसळत्या, जोराच्या पाण्याचा भाग लागतो तिथे बरेचजण सामान उचलून पायवाटेने पुढे नेतात आणि तेच शहाणपणाचं आहे. रिचर्डसन हायवे फार लांब नसतो पण नदीत असताना तो आहे हे कळतही नाही.

किंग सॅमन साधारण जून-जुलैत वर येतो, सॉकाय ही सॅमनचीच दुसरी जात त्याच्या आगेमागे आणि नंतरही. हे मासे समुद्रातून कॉपर नदीने शेकडो किलोमीटर पोहत येतात आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं जवळपास बंदच करतात, अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास करतात. मादी शेपटीने खडी उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते, वरून परत खडी लोटते आणि त्यानंतर नर-मादी दोघंही मरतात. ती मेलेली शरीरं अस्वल, गरुड, सीगल खातात, उरलेलं पाण्यात आणि काठच्या झाडांच्या मुळांशी जातं. म्हणून काठावर एवढं जनावर दिसतं, मासा नसता तर बघायला येणाऱ्यांनाही इथे फारसं काही मिळालं नसतं.

आता कॅम्पवाल्याने सगळ्यात जास्त जपायचं ते या खडीला. तंबू झाडीतल्या नाजूक शेवाळावर न लावता उघड्या खडीच्या पट्ट्यावर लावावा हे बरोबरच, तिथे वारा असतो म्हणून डासही कमी लागतात, पण पाण्यात उतरताना जिथे तळाची खडी आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ आणि ताजी उकरल्यासारखी दिसते तिथे पाय ठेवायचा नाही, खाली अंडी असतात. ही गोष्ट फोटो काढणारेही विसरतात, फक्त गळवाले नाही.

अस्वलाचं म्हणाल तर स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून निदान शंभर यार्ड लांब, खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, आणि बिअर स्प्रे (अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा) बॅगेत नाही तर कमरेला. विमानात तो नेता येत नाही, तिकडे पोचल्यावरच विकत घ्यावा लागतो. मासा साफ केला की आतडी-डोकं काठावर टाकून जायचं नाही, बारीक तुकडे करून जोराच्या खोल धारेत सोडायचं, कारण वासाने आलेलं अस्वल पुढच्या माणसाच्या तंबूत घुसतं आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल बहुतेक वेळा गोळी खाऊन मरतं. मूस दिसायला गरीब वाटते पण पिल्लू जवळ असेल तर तिच्यापासूनही तितकंच लांब राहावं.

पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून प्यावं, बीव्हर (पाण्यात राहणारा, बांध घालणारा प्राणी) असलेल्या पाण्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म जंतू असू शकतो. शौचासाठी पोर्टेबल टॉयलेट सोबत न्यायचं आणि मैला परत आणायचा, कॅम्पच्या जागा ठराविक असल्याने सगळ्यांनी तिथेच खड्डे केले तर ती जागा दोन सीझनमध्ये वापरायच्या लायकीची राहणार नाही.

मासेमारीचं लायसन्स लागतंच, किंगसाठी त्यावर वेगळा स्टॅम्प. किंगची संख्या अलीकडे घटल्याने राज्याचं मत्स्य खातं ऐन सीझनमध्येही बंदी घालतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ताजे आदेश वाचावेत आणि बंदी असली तर किंगच्या नादाला न लागता ग्रेलिंग हा नदीतला दुसरा मासा धरावा. सावरडोच्या खाली काठाची बरीच जमीन आत्ना या तिथल्या मूळ लोकांच्या कंपनीची आहे, तिथे तंबू टाकायचा तर आधी त्यांचं परमिट घ्यावं लागतं.