वडिलांची स्मरणिका छापायला येण्याआधी

आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापली जातात, पण मन लावून करावं असं काम म्हणजे स्मरणिका. इतवारी, महाल, गांधीबाग, सक्करदरा या भागांतून घरची माणसं येतात. कोणाचे वडील, कोणाचे आजोबा, कोणाचे काकाजी गेलेले असतात. खेड्यातून रिकाम्या हाताने नागपुरात आलेला माणूस, हमाली नाहीतर हातगाडी, मग कोणाच्या तरी ओट्यावर मांडलेलं दुकान, मग स्वतःचा गाळा, पुढे वॉर्डातून नगरसेवक, शाळेच्या कमिटीवर, व्यापारी मंडळावर. अशा माणसाचं पुस्तक चांगलं व्हावं म्हणून, येण्याआधी काय जमवायचं आणि काय तपासायचं ते इथे लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: तेरवीपर्यंत होईल का? स्मरणिका होणार नाही. तेरवीसाठी आम्ही चार पानांचं फोल्डर करून देतो. त्यात एक चांगला फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि पानभर मजकूर असतो. पुस्तक वर्षश्राद्धाला काढा, आणि त्यासाठी सहाव्या महिन्यापर्यंत आमच्याकडे या. घाईत लिहिलेल्या पुस्तकात सगळे वडील एकसारखे दिसतात. कर्मयोगी, दानशूर, अजातशत्रू, दीनांचा कैवारी. हे शब्द खोटे असतात असं नाही, पण त्यांत तुमचे वडील सापडत नाहीत.

कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचं उदाहरण मी नेहमी देतो. मँगनीजच्या धंद्यात मोठा झालेला हा माणूस. त्यांना नुसतं दानशूर म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. पण १९३० साली त्यांनी मृत्युपत्रात आपली मिळकत उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे केली, ते विद्यापीठ तेव्हा अवघं सात वर्षांचं होतं, रक्कम सुमारे ३५ लाखांची होती आणि तिच्यातून १९४२ मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, एवढं लिहिलं की विशेषणाची गरजच उरत नाही. तुमच्या वडिलांची रक्कम पाचशे रुपये असेल. तीही आकड्यात, सालासकट आणि कोणाला दिली त्यासकट लिहा.

सालांच्या बाबतीत नागपूरकरांनी जरा जास्तच जपून राहावं. आपलं शहर एका जागी राहिलं, पण राज्यं बदलत गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. एका कुटुंबाने १९५४ चा फोटो आणला होता. दुकानाच्या उद्घाटनाला मुख्यमंत्री आलेले, आणि खाली ओळ लिहिलेली: महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसोबत बाबा. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. फोटोत पंडित रविशंकर शुक्ल होते. तसंच महानगरपालिकेचं. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका झाली मार्च १९५१ मध्ये. आजोबा १९४८ साली निवडून आले असतील तर ते नगरपालिकेचे सदस्य होते. महानगरपालिका लिहिलं की मान वाढतो असं वाटतं, पण जाणकार वाचणारा तिथेच थांबतो आणि पुढच्या मजकुरावरही त्याचा विश्वास राहत नाही.

घरात जुन्या वह्या असतील तर त्या आधी आणा. मजकुरापेक्षाही आधी. लाल कापडाच्या बांधणीची रोकडवही, खातेवही, लक्ष्मीपूजनाला उघडलेलं पहिलं पान, त्यावरचं कुंकू. आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा हिशोब रुपये-आणे-पैमध्ये आहे, सोळा आण्यांचा रुपया. वजनंही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोत आली. त्याआधीची नोंद शेर-मणात किंवा आपल्याकडच्या पायली-कुडवात असेल. ती तशीच छापा, बदलून देऊ नका. फार तर खाली बारीक अक्षरात अर्थ द्या.

एका धान्याच्या दुकानाची वही माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. १९७२ चा दुष्काळ, उधारीची पानं भरून गेलेली. नातू पानं उलटत होता, आणि एका पानावर अकरा नावांपुढे आकडा खोडून एकच शब्द लिहिलेला दिसला: सोडले. अक्षर सेठजींचंच होतं, शाई वेगळी होती, म्हणजे नंतर कधीतरी एका बैठकीत बसून लिहिलेलं. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. मुलाने तोवर आठ पानांचा लेख लिहून आणला होता, तो त्याने घरी परत नेला. आम्ही ते पान पूर्ण आकारात छापलं, गिऱ्हाइकांची नावं झाकून. नावं झाकायचा आग्रह मुलाचाच होता, आणि तो बरोबर होता.

मग माणसांकडे जा. पुढाऱ्यांकडे नंतर जा, आधी जुन्या नोकराकडे, हमालाकडे, शेजारच्या दुकानदाराकडे आणि वॉर्डात ज्यांच्या गल्लीत नळ आला त्या बायांकडे. मोबाइलवर रेकॉर्ड करा, वाटेत टोकू नका. “बाबा कसे होते?” असं विचारलं की सगळे “देवमाणूस” म्हणतात. त्याऐवजी विचारा, सकाळी दुकान कोण उघडायचं? रागावले की काय करायचे? पहिली सायकल कधी घेतली? एका म्हाताऱ्या हमालाने आम्हाला सांगितलं होतं, “पोत्याची सुतळी फेकू देत नव्हते जी. गोळा करून गुंडा बनवत, अन् रक्षाबंधनाच्या आधी पोस्टाची पार्सलं त्याच सुतळीनं बांधत.” त्या एका वाक्यावर आम्ही मुखपृष्ठ केलं. सुतळीचा गुंडा, बाकी काही नाही.

नगरसेवकपदाची कामं लिहिताना कोनशिला स्वतः जाऊन बघा. एका समाजभवनाचं साल कुटुंबाने १९७८ सांगितलं होतं. आमचा मुलगा फोटो काढायला गेला. कोनशिला पानठेल्याच्या मागे, चुन्याखाली दबलेली. ओलं फडकं फिरवलं तेव्हा १९७४ निघालं. चार वर्षांचा फरक म्हणजे वेगळी निवडणूक, वेगळा महापौर. जुनी वर्तमानपत्रंही पाहा. ‘हितवाद’ नागपुरात १९११ पासून निघतो. निवडणूक हरल्याचं वर्षही पुस्तकात असू द्या. हरल्यावरही माणूस त्याच गल्लीत त्याच कामासाठी फिरत राहिला असेल, तर त्याच्याबद्दल तेवढं एक पान पुरेसं बोलतं.

आणि आईबद्दल. स्वकष्टाने उभे राहिले असं प्रत्येक पुस्तकात असतं, पण रात्री मसाल्याच्या पुड्या कोण बांधत होतं? पहिल्या गाळ्याच्या पागडीसाठी कोणाच्या बांगड्या गहाण पडल्या? याला शेवटच्या पानावरची “पत्नीची मोलाची साथ” ही एक ओळ पुरत नाही. मी हा आग्रह धरतो, काही मुलांना तो आवडत नाही, तरी धरतो.

शुभसंदेशांचं सांगायचं तर, वीस-बावीस पत्रं गोळा होतात आणि सगळ्यांचा मजकूर साधारण सारखा असतो. ती शेवटी एकत्र, लहान अक्षरात घ्या.

आता कामाचं. पानं सोळाच्या पटीत ठेवली तर कागद वाया जात नाही. चौसष्ट पानांपर्यंत मध्ये पिन मारता येते, त्यापुढे चिकट बांधणी बरी. मजकुराला मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, फोटोंच्या पानांना चकचकीत आर्ट पेपर. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, ते दाबले जाऊन लहान होतात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फोटो घेऊन या, आम्ही ६०० डीपीआयवर स्कॅन करतो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही स्कॅन करून घ्या, साल ठरवायला कामी येतो. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला चालतो.

प्रूफ तीनदा देतो, आणि तिसरं प्रूफ घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावं अशी आमची अट आहे. ही अट आमच्याच चुकीतून आली. एका स्मरणिकेच्या पाचशे प्रती बांधून झाल्या होत्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी काकूंनी पहिली प्रत हातात घेतली, ओळीवर बोट ठेवत वाचत गेल्या आणि दुसऱ्या पानावर बोट थांबलं. “माह्या बापाचं नाव चुकलं जी.” आवाज अगदी हळू होता. त्या रात्री तो फॉर्म, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा ताव, नव्याने छापून पाचशेच्या पाचशे प्रती पुन्हा बांधल्या, खर्च आमचा. नाव बरोबर झालं, पण पहिली प्रत त्यांनी चुकीच्या नावाची पाहिली, ते आम्हाला परत घेता आलं नाही.

वह्या, पत्रं, जुने फोटो, दुकानाची पाटी, जे असेल ते घेऊन या. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर स्कॅन करतो आणि त्याच पिशवीत, त्याच क्रमाने परत देतो. रविवारी सकाळी गर्दी कमी असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत आणायचं असेल तर तेव्हा या, बसायला जागा आहे.