रजब चंद्राचा, साल मृगाचं : हिजरी आणि शुहूर सन

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात असो की तापीकाठच्या एखाद्या जुन्या देशमुखाच्या माळ्यावर, पेशवाईतल्या मोडी कागदांचा रुमाल सोडला की अशी एक ओळ हमखास भेटते : ‘छ 11 रजब, सु॥ अर्बा सबैन मया व अलफ’. मोडी बरी लागते पण अरबीशी ओळख नाही, असा माणूस इथे अडखळतो. अरबी चांगली येते तो मात्र अडखळत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. रजब हा इस्लामी महिना आणि पुढचे शब्दही अरबी आकड्यांचे : अर्बा म्हणजे 4, सबैन म्हणजे 70, मया म्हणजे 100, अलफ म्हणजे 1000. बेरीज 1174. तो लगेच ‘हिजरी 1174’ लिहून मोकळा होतो.

हिजरी 1174 म्हणजे इसवी 1760-61. त्या वर्षीचा 11 रजब येतो 1761 च्या फेब्रुवारीत, पानिपतानंतर महिन्याभराने. त्यामुळे पत्रात ‘मोठा अनर्थ जाहला’ अशा अर्थाचं काही असलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पानिपतच उभं राहणार. प्रत्यक्षात ते पत्र 1773 च्या सप्टेंबरअखेरचं आहे. नारायणराव पेशव्यांचा 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात खून झाला, त्यालाही तेव्हा साधारण महिना होत आलेला. तेरा वर्षांचा फरक पडला आणि दोन्हीकडे ‘अनर्थ’ बसतोही. अशी चूक म्हणूनच पकडायला अवघड.

कारण सरळ आहे. या ओळीतला महिना हिजरीचा आहे आणि साल शुहूर सनाचं. शुहूर, सुहूर, सुरसन, अरबी साल, मृगसाल अशी त्याची अनेक नावं. ‘अरबी साल’ या नावानेच निम्मा गोंधळ केला आहे, कारण आकड्यांचे शब्द सोडले तर या सनाचा अरबस्तानाशी काही संबंध नाही. तो दख्खनच्या शेताबांधांवरचा आहे.

हिजरी वर्ष निव्वळ चांद्र. बारा चांद्रमास मिळून 354 दिवस, कधी 355. आपल्या पंचांगात चंद्र आणि सूर्याचा मेळ घालायला अधिक मास येतो, हिजरीत तो नाही. त्यामुळे दरवर्षी ते सूर्याच्या मानाने अकराएक दिवस मागे सरकतं. रमजान कधी पावसाळ्यात, कधी कडाक्याच्या थंडीत, तर कधी खानदेशच्या चाळीस-बेचाळीसच्या उन्हात येतो तो यामुळेच. उपासनेला या सरकण्याची काही अडचण नाही. धर्मशास्त्र, चरित्रं, राजांच्या कारकिर्दी, कबरींवरचे लेख हे सगळं हिजरीत चालतं आणि चोख चालतं. थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या घराण्याच्या कबरी आहेत. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा 1399 मध्ये वारला, म्हणजे हिजरी 801 मध्ये. तिथे दुसरा सन मध्ये आणायचं कारणच नाही.

महसुलाचं तसं नाही. सारा पिकावर बसतो आणि पीक सूर्याच्या तालावर येतं. सरकारी वर्ष दर खेपेला अकरा दिवस आधी संपू लागलं, तर काही वर्षांत कणीस दाण्यावर यायच्या आतच हप्ता मागावा लागेल. तेहतीस सौर वर्षांत हिजरीची चौतीस भरतात, म्हणजे तेहतीस पिकांवर चौतीस सारे. कुणबी द्यायचा कुठून? खानदेशात सालदार आखाजीला ठरतो, पेरणी मिरगाला होते, अशा मुलखात वर्ष ऋतूंना धरूनच चालायला हवं. म्हणून हिजरीचा आकडा घेतला आणि चाल सूर्याची दिली. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की शुहूर सन बदलतो. पेशवाईत तो दिवस 4-5 जूनच्या सुमाराला येई, आता 7-8 जूनला येतो.

ही सोय कोणी आणि कधी केली? गणिताने मागे गेलं तर हिजरी आणि शुहूर या दोन्हींचा आकडा एकच येतो तो 745 ला. हिजरी 745 चा पहिला मोहरम 15 मे 1344 चा, आणि त्या काळी सूर्याचा मृगप्रवेशही मेच्या मध्यावरच होई. दिल्लीला तेव्हा मुहम्मद तुघलक होता, म्हणून श्रेय त्याला दिलं जातं. 745 पासून दोघांच्या वाटा फुटल्या. हिजरी पुढे धावत राहिली, शुहूर सूर्याच्या चालीने मागून येत राहिला. 1601 च्या जानेवारीत अकबराने असीरगड घेऊन फारुकींचं राज्य बुडवलं, तेव्हा हिजरी होता 1009 आणि शुहूर हिशेबाने 1001. पानिपताच्या दिवशी हिजरी 1174, शुहूर 1161. आज अंतर वीस-एकवीस वर्षांवर गेलं आहे. कोणत्याही शतकात दोन्हींमधला हा फरक पाहिला की कागदाचा ताळा करता येतो, आणि मला तरी ही सर्वांत भरवशाची युक्ती वाटते.

शुहूरचं इसवीत रूपांतर सोपं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत 600. हिजरीला असा ठरीव आकडा नाही. हिजरी साल गुणिले 0.97 अधिक 622 केलं की साल अंदाजाने येतं. अचूक तारखेसाठी जंत्रीच, म्हणजे वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून दिलेली कोष्टकंच, उघडावी लागते, आणि चंद्रदर्शनामुळे तिथेही एखादा दिवस मागेपुढे होतो. (फसली सन हा तिसरा भिडू. दख्खनेत तो शाहजहानच्या काळात आला, तोही सौर. त्याला 590 मिळवायचे.)

आता पुन्हा त्या ओळीकडे. सुरुवातीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्याचा कितवा चंद्र ते सांगणारी खूण. कारकुनाने स्वतःच लिहून ठेवलंय की दिवस चंद्राचा आहे. ‘सु॥’ने सांगितलंय की साल शुहूर आहे. दोन कालगणना एका ओळीत शेजारी बसल्या आहेत. शुहूर 1174 म्हणजे जून 1773 ते जून 1774. त्यातला बहुतेक काळ हिजरी 1187 चालू होता, म्हणून रजब घ्यायचा तो 1187 चा. आकड्यांच्या शब्दांतही जपावं लागतं. सबा 7 आणि सबैन 70, सीत 6 आणि सितैन 60, समान 8 आणि समानीन 80. मोडीत शेपूट पुसलं गेलं की सत्तरचे सात होतात. पुष्कळदा कारकून ‘मया व अलफ’ गाळून नुसतं ‘अर्बा सबैन’ लिहितो, मग शतक मजकुरावरून काढायचं.

लिपीवर विसंबणंही धोक्याचं. फारसी लिपी दिसली म्हणजे साल हिजरीच असणार असं नाही. आदिलशाही मुलखात फारसी लेखांतही शुहूर सन सापडतो. उलट बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही आहे आणि त्यात संवत 1646, शके 1511 असं स्वच्छ दिलं आहे. फारुकी सुलतानाच्या मशिदीत शक आणि संवत असू शकतो, तर पेशव्यांच्या पत्रात रजब का नसावा? आपल्याकडे मात्र अरबी-फारसी शिकणारे एका वाटेने जातात आणि मोडी शिकणारे दुसऱ्या. जळगाव-भुसावळकडे उर्दू-अरबी उत्तम जाणणारी मुलं आहेत, धुळ्याला मोडीचे कागद आहेत. ही दोन माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

कारण जंत्री हातात असूनही एक पेच उरतो. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी मोठं, त्यामुळे एका शुहूर वर्षात काही चांद्र तारखा दोनदा येतात. ‘छ 20 रबिलावल, सु॥ अर्बा सबैन’ हेच घ्या. ही तारीख त्या सालात 11 जून 1773 च्या सुमाराला एकदा येते आणि 31 मे 1774 च्या सुमाराला पुन्हा. तिथी किंवा शक दिला असेल तर सुटका होते. नसेल तर पत्रातला पेशवा कोण ते पाहायचं : जून 1773 मध्ये नारायणराव हयात होते, आणि मे 1774 च्या शेवटी पेशवाईची वस्त्रं सव्वा महिन्याच्या सवाई माधवरावाच्या नावाने आलेली होती.