बुश, जॉर्ज वॉशिंग्टन : कुलवृत्तांताचा शोध

(सु. १७७९ किंवा १७९० – ५ एप्रिल १८६३). अमेरिकेच्या वायव्य भागात, प्यूजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या दक्षिण टोकाशी १८४५ मध्ये स्थायिक झालेल्या पहिल्या अमेरिकन कुटुंबांपैकी एकाचा मिश्रवर्णी कर्ता पुरुष. टमवॉटरजवळील बुश प्रेअरी हे माळरान त्याच्या नावाने ओळखले जाते.

त्याचा जन्म पेनसिल्व्हेनियातला, यावर बहुतेकांचे एकमत आहे. वाद आहे तो पित्याच्या मुळाविषयी. प्रचलित परंपरेनुसार पिता मॅथ्यू बुश हा स्टीव्हन्सन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या नोकरीत होता आणि त्याच घरातील आयरिश मोलकरणीशी त्याने १७७८ च्या सुमारास लग्न केले. मॅथ्यूला कोणी आफ्रिकी वंशाचा म्हणतात, कोणी ब्रिटिश वेस्ट इंडीजमधला खलाशी, तर काही वृत्तांत त्याचा जन्म थेट भारतातला सांगतात. हे शेवटचे मत आपल्याकडील वाचकाला ओढ लावणारे आहे. पण म्हणूनच ते जपून घ्यावे. ‘इंडीज’ या शब्दात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे दोन्ही प्रदेश येत. तोंडी सांगण्यात ‘वेस्ट’ गळून ‘इंडिया’ उरणे अवघड नव्हते. वेस्ट इंडीजचे मत त्यातल्या त्यात अधिक संभाव्य वाटते.

जन्मसालाचा वाद याच परंपरेशी जोडलेला आहे. १७७८ चे लग्न मानले तर १७७९ हे साल जुळते. पण मग बैलगाडीने ओरेगॉनची वाट धरताना तो पासष्टीचा ठरतो आणि धाकटा मुलगा लुईस निस्क्वाली त्यानंतर जन्मला! सु. १७९० हे साल त्यामुळे अधिक ग्राह्य धरावे. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीची माणसे नुसत्या आकड्यांत. म्हणून अशा घराण्यांच्या आधीच्या पिढ्यांसाठी आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते. ‘वॉशिंग्टन’ हे मधले नावही मागाहून चिकटलेले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मिसूरीत ४ जुलै १८३१ रोजी त्याने जर्मन वंशाच्या इसाबेला जेम्सशी विवाह केला. १८४४ मध्ये पत्नी व पाच मुलांसह, मायकेल सिमन्स याच्या जथ्याबरोबर तो पश्चिमेला निघाला. वाटेत त्याने जॉन मिंटो या सहप्रवाशाला सांगितले, की ओरेगॉनमध्ये स्वतंत्र माणसाचे हक्क मिळाले नाहीत, तर मी मेक्सिकन सरकारचा आसरा घेईन. त्याच वर्षी ओरेगॉनच्या हंगामी सरकारने कृष्णवर्णीयांना मुलूख सोडण्याचा आणि न सोडल्यास फटक्यांचा कायदा केला. अंमलात येण्यापूर्वीच तो रद्द झाला. पण तोवर हा जथा कोलंबिया नदीच्या उत्तरेकडे वळला होता; तिथे त्या सरकारचा अंमल फारसा नव्हता.

ब्रिटनशी झालेल्या १८४६ च्या तहाने तो प्रदेशही अमेरिकेकडे आला आणि १८५० च्या जमीनदान कायद्याने गोऱ्यांना व अर्ध्या अमेरिकन इंडियन (तिथल्या आदिवासी) रक्ताच्या अमेरिकनांना जमीन देऊ केली. बुश यांपैकी कशातच बसत नव्हता. पित्याचे मूळ इथे थेट वावराच्या मालकीला येऊन भिडले: स्वतः कसलेली जमीन कागदावर त्याची नव्हती. वॉशिंग्टन प्रांताच्या विधिमंडळाने त्याच्यासाठी अर्ज केला आणि १८५५ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, त्याच्या कुटुंबाच्या नावे केले. टंचाईच्या काळात त्याने नव्या वसाहतकऱ्यांना धान्य पुरवल्याच्या आठवणी शेजाऱ्यांनी नोंदवल्या आहेत; या पाठिंब्यामागे तो उपकार असावा.

पुढच्या पिढीत थोरला मुलगा विल्यम ओवेन याची माहिती बरीच मिळते. त्याच्या गव्हाची १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वाखाणणी झाली आणि १८८९ मध्ये तो वॉशिंग्टन राज्याच्या पहिल्या विधिमंडळावर निवडून आला. धाकट्या लुईसच्या नावातला ‘निस्क्वाली’ हा शब्द शेजारच्या आदिवासी जमातीचा.